उष्टा श्वास

पावडर रिव्हर खिंडीत, साडेनऊ हजार फुटांवर,
हवा विरळ होत जाते,
ताकात कुणी पाणी ओतत राहावं तशी.
माणसं बोलणं आवरतात. मेंढ्या नाही.
आणि काकाचा डॉज पिकअप मागे काळा धूर सोडत,
सायकलवाल्यांच्या शिव्या खात,
दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकतो.

"डिझेल पोटभर आहे," काका म्हणतो, "श्वास कमी पडतोय."

काका म्हणजे गानिक्स.
त्याचे आजोबा पिरेनीजहून वायोमिंगला आले
ते दुसऱ्यांच्या मेंढरांमागे.
दोन टर्बोंचा तयार संच सहा हजार डॉलर.
काकाच्या कॉफीच्या डब्यात सहाशे दहा.

मग कॅस्परच्या भंगारात डेल्बर्ट क्विकशी घासाघीस:
उलटलेल्या सिमेंट ट्रकचा टर्बो, कलिंगडाएवढा,
बाहेरून गंजलेला, पण आतला दांडा हलवून पाहिला
तर खडखड नाही.
एकशे चाळीसचा नव्वदला, वर मेंढीच्या चीजचा एक गोळा.
हवेचा पाइप शेतातल्या जुन्या सिंचनाच्या नळाचा.
तेलाची नळी गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रातून काढलेली.
(तेल आत दाबानं जातं, काका सांगतो,
पण परत यायला त्याला उतार लागतो.)

मी बॅटरी धरायची. तोच माझा हुद्दा.
"हलवू नकोस. उजेड हलला की माप हलतं."

इंजिन सोडतं तो श्वास उष्टा, पण अजून गरम.
तो आधी धाकट्या चाकाला फिरवतो, मग थोरल्याला.
थोरला बाहेरची हवा ओढून धाकट्याच्या तोंडी देतो,
धाकटा ती आणखी दाबून इंजिनाला भरवतो.
धाकटा चटकन जागा होतो. थोरल्याला वेळ लागतो.
"आणि दोघांची बेरीज होत नाही, पोरी.
गुणाकार होतो."
हे बोलून तो बराच वेळ पान्हा शोधत राहिला.
पान्हा त्याच्या खिशात होता.

माझे बाबा त्याचे थोरले भाऊ.
डोंगरावरच्या चराईचा परवाना विकला त्या वर्षापासून
समोरासमोर राहून बोलत नाहीत.
चर्चमध्ये एक डावीकडे, एक उजवीकडे.
ईस्टरचं कोकरू दोन घरांत वेगवेगळं भाजतात.
मी दोन्हीकडे जेवते.

गरम पाइपचा सांधा काकाला साधेना.
तीनदा वेल्डिंग केलं, तीनदा भोक पडलं.
चौथ्या रात्री त्यानं मुखवटा कोपऱ्यात भिरकावला
आणि झोपायला गेला. आमच्याकडे शेडला कुलूप नसतं.

सकाळी सांधा पुरा होता.
नाण्यांची चळत आडवी कलंडावी
तसा टाक्यावर टाका सरकलेला.
असा हात अख्ख्या बफेलो गावात एकाचाच.
काकानं त्यावरून अंगठा फिरवला,
पुन्हा फिरवला,
आणि मला म्हणाला, "बॅटरी धर."
बाहेर लख्ख ऊन होतं.

पहिल्यांदा जोर दिला तेव्हा एक रबरी जोड
बंदुकीसारखा उडाला.
कुत्रा दोन दिवस अंगणात फिरकला नाही.
चार डॉलरची क्लिप.

जूनमध्ये बावन्न मेंढ्या घेऊन आम्ही निघालो,
टेन स्लीपच्या भाड्याच्या कुरणाकडे.
चढ लागला. आधी धाकट्याची बारीक शीळ,
मग खालून, उशिरा, थोरल्याचा घुमारा.
मी आरशात पाहत होते. धूर नव्हता.
आम्ही एका दुधाच्या टँकरला मागे टाकलं
आणि काका हसला, दात न दाखवता.

माथ्यावर त्यानं बॉनेट उघडलं.
त्याच्या स्वतःच्या दोन सांध्यांना काजळीची रेघ धरली होती.
त्या तिसऱ्याला नाही.
वारा होता, लोखंड टिकटिक करत निवत होतं,
मागे मेंढ्या ओरडत होत्या.

"घरी गेलीस की त्याला सांग," काका म्हणाला,
आणि थांबला.
इतक्या उंचीवर सगळ्यांनाच दम लागतो.

"सांग, मेंढ्या पोचल्या."